ब्रेकचा होज फ्रेममधून ओवताना

माझ्या घरामागच्या बोळात टॉवेलचा कारखाना आहे. मागावरचं बीम संपत आलं की तिथे नवं बीम चढतं, पण नवे धागे फणीतून पुन्हा एकेक करून ओवत बसत नाहीत. जुन्या बीमची शेवटची टोकं मागावर तशीच ठेवतात, नव्या बीमचा एकेक धागा जुन्या एकेका धाग्याला सांधतात आणि मग सगळा ताणा अलगद पुढे ओढून घेतात. जुना धागा निघून जाताना नव्याला वाट देऊन जातो. सोलापुरात हे लहानपणापासून सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मीही पाहिलं होतं. तरीही एका मित्राच्या सायकलीच्या कार्बन फ्रेममधला ब्रेकचा जुना होज, म्हणजे हँडलवरच्या लिव्हरपासून चाकापाशी तेल नेणारी नळी, मी तिला काहीही न बांधता एका झटक्यात खेचून काढला. रात्री जेवून सुरू केलेलं काम पहाटे चारला संपलं, कारण डाउनट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीच्या, पोकळीत नवा होज कुठे जाऊन बसतोय ते कळतच नव्हतं.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. फ्रेममधून जे काही बाहेर काढाल, त्याच्या शेपटीला दोरा बांधल्याशिवाय काढू नका. जुना होज असो, कंपनीने घालून दिलेली पातळ प्लास्टिकची नळी असो, की कुणीतरी आधीच टाकून ठेवलेली वायर असो. फ्रेम नवी कोरी आणि आतून रिकामी असेल, तरच वाट शून्यातून शोधावी लागते. तीही कशी शोधायची ते पुढे येईलच.

हा लेख हायड्रॉलिक डिस्क ब्रेकबद्दल आहे आणि सुटी फ्रेम आणून घरी सायकल बांधणाऱ्यांसाठी आहे.

आधी फ्रेम बघून घ्या

फ्रेम मांडीवर घ्या, खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च एकेका भोकात धरा. बॉटम ब्रॅकेटच्या कवचातून, म्हणजे पॅडलचा दांडा जिथे फिरतो आणि ज्याला आपण बीबी म्हणतो तिथून, वर डाउनट्यूबमध्ये आणि मागे चेनस्टेमध्ये, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या आडव्या नळीत, उजेड जातो का? होज कुठून आत शिरणार, कुठून बाहेर येणार आणि मध्ये अडथळा कुठे आहे, हे पाच मिनिटांत कळतं.

फ्रेमचे ढोबळ तीन प्रकार. पहिल्यात आत पूर्ण लांबीची नळीच बसवलेली असते. होज एका टोकाने ढकलला की दुसऱ्या टोकाने बाहेर येतो. तुमची फ्रेम अशी असेल तर नशीब चांगलं, या लेखातलं निम्मं तुम्हाला लागणारच नाही. दुसऱ्यात ट्यूब आतून मोकळी असते, फक्त शिरायला आणि निघायला भोकं. ॲल्युमिनियमच्या बहुतेक आणि कार्बनच्या पुष्कळ फ्रेम अशा असतात. तिसऱ्यात होज हेडसेटमधून, म्हणजे हँडल ज्यांवर वळतं त्या बेअरिंगांपैकी वरच्याच्या आतून, खाली उतरतो. त्याच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

बीबीच्या खाली स्क्रूने बसवलेलं झाकण आहे का तेही बघा. असलं तर काम अर्ध्यावर येतं, कारण तिथून दोन बोटं किंवा चिमटा आत घालून होजला वळण देता येतं.

आणि फ्रेम बघतानाच ठरवून टाका: होज ओवायचं काम सगळ्यात आधी. बीबी बसवण्याआधी, पुढचं चाक धरणारा चिमटा म्हणजे फोर्क चढवण्याआधी, हेडसेट दाबण्याआधी. ही तीन मोठी तोंडं उघडी असतील तोवर तुमचा हात, उजेड आणि आकडा आत पोहोचतो. बीबी एकदा बसलं की तीच फ्रेम बंद डबा होते.

कुठला हात, कुठली बाजू

आपल्याकडे मोटारसायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, आणि सायकललाही मी तसंच ठेवतो. उजवा हात पुढचा, डावा हात मागचा. जो माणूस आठवडाभर बाइक चालवतो आणि रविवारी सायकल, त्याचा हात घाईच्या वेळी सवयीनेच चालतो. पण युरोप-अमेरिकेतल्या सवयीने घडवलेल्या फ्रेममध्ये मागचा ब्रेक उजव्या हाताला धरलेला असतो. उजव्या लिव्हरमधून निघालेला होज हेडट्यूबला, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीला, वळसा घालून डावीकडच्या भोकात सुंदर कमानीने शिरावा, असा त्यांचा हिशोब. आपण मागचा ब्रेक डाव्या हाताला घेतला आणि भोकही डावीकडेच असलं, तर होजला आखूड, तिखट वळण बसतं. हँडल वळवलं की तो फ्रेमवर घासतो.

डाउनट्यूबच्या दोन्ही बाजूंना भोकं असतील, तर डाव्या लिव्हरचा होज उजव्या भोकात घाला. गिअरची केबल असेल तर तिला दुसरी बाजू द्या. एकच भोक असेल, तर होज हेडट्यूबच्या पुढून मोठ्या कमानीने फिरवून आणा आणि त्यासाठी तीन-चार सेंमी लांबी जास्त धरा. पुढच्या ब्रेकला आपली पद्धत उलट सोयीची पडते. डिस्कचा कॅलिपर, म्हणजे पॅडने डिस्क आवळणारा भाग, फोर्कच्या डाव्या पायावर असतो, आणि उजव्या लिव्हरचा होज तिथे सहज कमानीने उतरतो.

जवळ काय हवं

होज ओवण्याचे तयार संच मिळतात. पार्क टूलचा चुंबकवाला संच चांगला आहे. एका वायरच्या टोकाला चुंबक, होजमध्ये स्क्रूसारखं फिरवून बसवायचं टोक, आणि बाहेरून फिरवायला एक मोठं चुंबक. वर्षाला तीन-चार सायकली बांधणार असाल तर घ्या. एकाच सायकलीसाठी घरातलं सामान पुरतं.

टॉवेलच्या किंवा शिलाईच्या पॉलिएस्टर दोऱ्याचं एक रीळ. त्याहून जाड, ओढायला नायलॉनचा दोरा. गिअरची एक जुनी आतली केबल, जिचं टोक विस्कटलेलं नाही. दोन जुने स्पोक, पैकी एकाच्या टोकाला छोटा आकडा वाकवून घ्या. पातळ चिकटपट्टी. धारदार होज कटर किंवा नवं पातं घातलेला कटर. घरचा व्हॅक्यूम क्लीनर. आणि जुना टॉवेल, जो या शहरात कुणाला विकत घ्यावा लागत नाही.

सुट्या लोहचुंबकाबद्दल एक खबरदारी. ॲल्युमिनियम आणि कार्बनवर चुंबक बाहेरून सरकवत आतलं टोक आणता येतं. स्टीलच्या फ्रेममध्ये तेच चुंबक भिंतीला चिकटून बसतं आणि हलत नाही. तिथे दोरा आणि आकडाच कामाचे.

डिस्क रोटर आणि ब्रेक पॅड कामाच्या जागेपासून लांब ठेवा. पॅड काढून प्लास्टिकच्या पिशवीत घाला. तेलाचा एक थेंब पॅडला लागला तर पॅड गेलाच म्हणायचं. पॅड काढलेत म्हणजे कॅलिपरमध्ये त्यांच्या जागी ब्लीड ब्लॉक, म्हणजे प्लास्टिकचा पिवळा ठोकळा, घाला, नाहीतर चुकून लिव्हर दाबली गेली की पिस्टन बाहेर येतात.

होजला ओढायचं टोक लावणं

आता जरा बारीक काम. बहुतेक होजचा बाहेरचा व्यास ५ मिमी असतो आणि आतलं भोक सुमारे २ मिमी. १४ गेजचा स्पोक २ मिमी जाडीचा असतो आणि त्याच्या टोकाचे आटे त्याहून किंचित जाड असतात. हा योगायोग आपल्या फार उपयोगी पडतो.

स्पोकचं आटेवालं टोक साधारण ४ सेंमी लांबीचं कापा. आटे होजच्या तोंडात ठेवून पकडीने हळूहळू फिरवत दीड सेंमी आत जाऊ द्या. आटे आतल्या अस्तराला चावतात आणि पक्के बसतात. बाहेर राहिलेल्या टोकाला अगदी लहान डोळा वाकवा, इतका लहान की तो होजच्या जाडीबाहेर जाणार नाही. त्यात नायलॉनचा दोरा बांधा, गाठ दोनदा मारा. मग होजच्या कडेपासून गाठीपर्यंत चिकटपट्टीचा एकच थर असा गुंडाळा की टोक गाजरासारखं निमुळतं होईल. बोट फिरवून बघा. कुठेही पायरी लागता कामा नये. होज भोकात अडतो तो जवळजवळ दर वेळी या पायरीवर अडतो, आणि माणूस जोर लावतो, आणि दोरा तुटतो.

काम झाल्यावर स्पोक बसलेला तेवढा तुकडा कापूनच टाकायचा आहे. त्यामुळे होज अंतिम मापापेक्षा निदान ५ सेंमी लांब हवा.

होजचं कुठलं टोक ओवायचं? जे मोकळं आहे ते. कॅलिपरच्या बाजूला पुष्कळदा बँजो जोड, म्हणजे बोल्टने आवळायचा गोल जोड, असतो, तो फ्रेमच्या भोकातून जात नाही. म्हणून होज मागून पुढे जातो: चेनस्टेच्या मागच्या भोकातून आत, डाउनट्यूबच्या वरच्या भोकातून बाहेर. तेल भरलेला जोडून आलेला संच असेल तर लिव्हरकडचा जोड सोडा, टोक लगेच वर धरा आणि स्पोक बसवा. तोच बुचाचंही काम करतो. चार थेंब सांडतीलच, टॉवेल खाली हवाच. बाजारात येणाऱ्या संचात पुढचा होज बहुधा १००० मिमी आणि मागचा १७०० मिमी असतो. मध्यम मापाच्या फ्रेमला तो पुरतो. मोठ्या फ्रेमला, रुंद हँडलला आणि आत वळणं जास्त असतील तर विकत घेण्याआधी सुतळी धरून मोजा. इथे सोलापुरात २००० मिमीचा होज दुकानात जाऊन हातात मिळेल अशी आशा ठेवू नका. पुण्याहून मागवावा लागतो आणि तोवर काम थांबतं.

मागचा होज: दोन टप्प्यांत

चेनस्टेपासून डाउनट्यूबच्या वरपर्यंत एका दमात जायचा हट्ट धरू नका. बीबीचं कवच हा मधला थांबा समजा.

पहिला टप्पा, चेनस्टे ते बीबी. हा जेमतेम दोन वितींचा प्रवास आहे. होजचं निमुळतं टोक मागच्या भोकातून घाला आणि हळूहळू फिरवत ढकला. होज गुंडाळीत राहिलेला असतो म्हणून त्याला स्वतःचा बाक असतो. तो बाक चेनस्टेच्या बाकाशी जुळेपर्यंत फिरवत राहा. बीबीच्या पोकळीत टोक दिसलं की आकड्याने बाहेर ओढा आणि हातभर होज कवचातून बाहेर काढून ठेवा.

दुसरा टप्पा, बीबी ते डाउनट्यूबचं वरचं भोक. इथे वाट आधी तयार करायची. आत आधीपासून नळी किंवा वायर असेल, तर तिच्या एका टोकाला दोरा बांधून ती दुसऱ्या टोकाने ओढून घ्या. काम संपलं.

काहीच नसेल, तर व्हॅक्यूम. फ्रेमची बाकीची सगळी भोकं चिकटपट्टीने बंद करा, हेडट्यूबमध्ये टॉवेल कोंबा. शिलाईच्या दोऱ्याच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बांधा. तो वरच्या भोकात सोडा आणि दोऱ्याचं रीळ कुणाच्या तरी हातात द्या, म्हणजे दोरा मोकळा सुटत राहील. बीबीच्या कवचाला व्हॅक्यूमची नळी तळहाताने घट्ट धरा आणि सुरू करा. दोरा दोन-तीन सेकंदांत खाली येतो. पहिल्यांदा करताना हे बघायला फार मजा येते. माझी पुतणी रीळ धरायला अजूनही स्वतःहून येते.

व्हॅक्यूम नसेल, तर फ्रेम उभी टांगा, हेडट्यूब वर आणि बीबी खाली. दोऱ्याला छोटा नट बांधून वरच्या भोकातून सोडा आणि फ्रेम थोडी हलवा. नट खडखडत खाली येतो. भोक तिरकं असेल तर दोऱ्याऐवजी गिअरची जुनी केबल घाला, तिचं टोक थोडं वाकवून. ती स्वतःच्या ताठपणाने उतरते.

आता बारीक दोऱ्याला नायलॉनचा दोरा बांधून तो आतून ओढून घ्या, आणि नायलॉनचा दोरा बीबीपाशी थांबलेल्या होजच्या टोकाला बांधा. एका हाताने वरून दोरा ओढायचा, दुसऱ्या हाताने बीबीकडून होज ढकलायचा. ओढणारा हात फक्त दिशा देतो, खरं काम ढकलणारा हात करतो. वरच्या भोकाशी टोक अडलं की जोर लावू नका. थोडं मागे घ्या, पाव फेरा फिरवा, पुन्हा आणा. तिसऱ्या-चौथ्या वेळी येतं. तरी अडलं तर स्पोकचा आकडा भोकातून घालून टोक उचलून भोकाच्या दिशेला वळवा. ॲल्युमिनियमच्या भोकाच्या कडा कधी कधी धारदार असतात. बोट फिरवून बघा, आणि धार लागली तर गोल कानसने आधीच मोडून टाका.

मात्र होजला दोरा बांधून वर ओढण्याआधीच त्यावर फोमची नळी चढवायची. हा टप्पा पुष्कळ जण सोडतात आणि मग आयुष्यभर खडखडाट ऐकतात. आपल्या रस्त्यांवर, विशेषतः होटगी रोडला लागोपाठचे गतिरोधक ओलांडताना, मोकळा होज डाउनट्यूबच्या आत टकटक वाजत राहतो आणि माणूस हेडसेट सैल आहे म्हणून तो आवळत बसतो. सायकलची खास फोम नळी मिळाली तर उत्तमच. नाहीतर एसी दुरुस्तीच्या दुकानात पाव इंची तांब्याच्या पाइपवर चढवायचा काळा फोम मिळतो. त्याचं आतलं भोक सहा मिमीच्या आसपास असतं, होजवर तो नीट बसतो. बीबीपाशी बाहेर काढलेल्या होजवर डाउनट्यूबच्या लांबीएवढा फोम चढवा, दोन्ही टोकांना चिकटपट्टीचा एकेक फेरा द्या आणि मग होजबरोबर आत जाऊ द्या. बीबीचं तोंड फोमपेक्षा अरुंद असेल तर होजवर दर वीतभर अंतरावर तीन प्लास्टिकचे टाय वेगवेगळ्या दिशांना आवळा आणि त्यांच्या शेपट्या दोन सेंमी ठेवा. त्या शेपट्या होजला ट्यूबच्या मधोमध धरतात.

बीबीपाशी जी चूक मी केली

हा भाग जरा सावकाश वाचा.

थ्रेडवाल्या, म्हणजे आट्यांनी बसणाऱ्या, बीबीच्या दोन कपांच्या मध्ये एक प्लास्टिकची नळी असते. ती पाण्या-धुळीसाठी असते असं आपण समजतो. आतून होज जाणाऱ्या फ्रेममध्ये तिचं दुसरं काम जास्त मोठं आहे: फिरणारा क्रँकचा दांडा आणि स्थिर होज यांच्यामध्ये भिंत म्हणून उभं राहणं. माझ्या स्वतःच्या सायकलीत होज मध्ये आडवा आला होता, नळी नीट बसेना, म्हणून मी ती ठेवूनच दिली. काही महिने काही झालं नाही. मग तुळजापूरहून परत येताना घाट उतरत असताना डावी लिव्हर एकदम मऊ झाली आणि दुसऱ्या दाबाला हँडलला टेकली. पुढच्या ब्रेकवर हळूहळू खाली आलो. घरी येऊन बीबी उघडलं तर होजची एक बाजू दोन सेंमी लांब सपाट घासली गेली होती. वरचं काळं आवरण गेलं होतं, आतली विणलेली जाळी दिसत होती आणि तिच्यातून तेल पाझरत होतं. तो तुकडा मी अजून ठेवला आहे. बीबीत होज जाणारी सायकल कुणी आणली की आधी तो त्याच्या हातात देतो.

तेव्हा होज कवचाच्या एका बाजूला, शक्यतो खालच्या अंगाला, दाबून बसवा. मधली नळी त्याला न चेपता बसते का बघा. प्रेसफिट, म्हणजे दाबून बसवलेल्या, बीबीत दोन्ही बाजूंना जोडणारी बाही असेल तर तीही वापरा. होज कवचात कमान करून वर उठत असेल तर तो ओढून सरळ करा. क्रँक घातल्यावर ती वीस-तीस फेरे फिरवा आणि कान कवचाला लावून ऐका. खरखर आली तर पुन्हा उघडा. हे काम उद्यावर टाकण्यासारखं नाही.

पुढचा होज

फोर्क सुटा हातात असतो, त्यामुळे हे सोपं. खालच्या, कॅलिपरजवळच्या भोकातून होज वर ढकला, क्राऊनजवळच्या, म्हणजे फोर्कचे दोन पाय जुळतात तिथल्या, भोकात आकड्याने पकडा. तिथलं वळण थोडं तिखट असतं. टोक दिसतंय पण वळत नाहीये असं झालं की वरून नायलॉनचा दोरा सोडून त्याने ओढा. खडखडाट इथे फारसा होत नाही, फोम नाही घातला तरी चालतं. मी हातभर पातळ तुकडा तरीही घालतो.

हेडसेटमधून जाणारे होज

अलीकडच्या पुष्कळ रोड फ्रेममध्ये होज हँडलमधून, हँडल धरणाऱ्या स्टेमखालून, हेडसेटच्या वरच्या बेअरिंगच्या आतून खाली जातात. दिसायला सायकल अगदी स्वच्छ दिसते, यात वाद नाही. पण वरचं बेअरिंग बदलायचं तर दोन्ही होज लिव्हरपासून सोडावे लागतात, पुन्हा कापावे लागतात, पुन्हा तेल भरावं लागतं. आपल्याकडे बेअरिंगमध्ये धूळ लवकर भरते. तुमची ही पहिलीच सायकल असेल आणि फ्रेम अजून घ्यायची असेल, तर डाउनट्यूबला भोक असलेली घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

फ्रेम तशीच असेल तर क्रम चुकवू नका. होज कापण्याआधी त्यावर ज्या-ज्या गोष्टी चढायच्या त्या सगळ्या टेबलावर ओळीने मांडा: बेअरिंग, दाबकडं, वरचं झाकण, प्रत्येक स्पेसर, स्टेमचं खालचं कव्हर. काही स्पेसर दोन तुकड्यांत उघडतात, ते नंतरही घालता येतात. अख्खे स्पेसर मात्र आधीच ओवावे लागतात. फोर्क आत सरकवताना होज फोर्कच्या नळीभोवती पिळला जाणार नाही याकडे एक जण वरून आणि एक जण खालून लक्ष ठेवा. मग हँडल दोन्ही टोकांना वळवून बघा. होज बेअरिंगच्या कडेला चिमटला जात असेल तर वळवताना हाताला हलका अडथळा जाणवतो.

लांबी ठरवणं

हँडल, स्टेम, लिव्हर अंतिम जागी आवळा, सायकलवर बसा, हात ठेवा. लिव्हरचा कोन आत्ताच ठरवा, नंतर बदलला की लांबी बदलते. मग हँडल डावीकडे पूर्ण वळवा, उजवीकडे पूर्ण वळवा. ज्या बाजूला होज सर्वांत ताणला जातो त्या स्थितीत तो लिव्हरपर्यंत पोहोचून थोडी ढील राहिली पाहिजे. वर दोन-तीन सेंमी ठेवा. स्टेम उद्या लांब करावासा वाटला किंवा जोड एकदा पुन्हा कापावा लागला, तर ही दोन-तीन सेंमी तुम्हाला वाचवतात. फ्रेममध्ये मात्र फार ढील कोंबून ठेवू नका, ती बीबीत जाऊन गोळा होते.

पांढऱ्या मार्करने खूण करा, एकदा उठून पाणी प्या, परत येऊन पुन्हा मोजा आणि मग कापा. काप अगदी काटकोनात हवा. पकडीने कापलात तर होज चपटा होतो आणि जोड गळतो. कटर नसेल तर होज लाकडावर ठेवून नवं पातं वरून सरळ दाबा, करवतीसारखं मागेपुढे करू नका.

जोड बसवणं

होजवर चढवायचा क्रम: आधी रबरी टोपी, मग कॉम्प्रेशन नट, मग ऑलिव्ह, म्हणजे ती छोटी पितळी कडी, आणि शेवटी टोकात ठोकायचा पोकळ खिळा, इन्सर्ट. टोपी आणि नट विसरून इन्सर्ट ठोकला तर पुन्हा कापण्याशिवाय इलाज नाही. म्हणून कापण्याआधीच टोपी आणि नट होजवर चढवून चिकटपट्टीने थोडे मागे अडकवून ठेवा.

इन्सर्ट आणि ऑलिव्ह तुमच्या होजचेच हवेत. शिमानोमध्येच बीएच ९० होजचा इन्सर्ट चंदेरी आणि बीएच ५९ चा सोनेरी असतो, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

ठोकताना होज धरायला ठोकळा लागतो. घरी करायचा तर सागाच्या एका तुकड्यात ५ मिमीचं आरपार भोक पाडा आणि तुकडा भोकाच्या बरोबर मधून लांबीत करवतीने कापा. दोन फाकांमध्ये होज ठेवून वाईसमध्ये आवळा, टोक एक सेंमीभर वर. करवतीने खाल्लेल्या लाकडामुळे फाका होजला चेपत नाहीत पण घट्ट धरतात. इन्सर्ट हलक्या हातोडीने सरळ ठोका, त्याची टोपी होजच्या कडेला टेकेपर्यंत. तिरका गेला तर तेवढा कापून नवा घ्या.

मग होज लिव्हरमध्ये तळाला टेकेपर्यंत घाला, एका हाताने आत दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने नट फिरवा. शिमानोच्या लिव्हरला ८ मिमीचा पाना आणि ५ ते ७ न्यूटन-मीटर ताण. नट आवळताना होज मागे सरकला तर ऑलिव्ह चुकीच्या जागी चिमटतो. त्यामुळे इथे दुसऱ्या माणसाचा हात घ्याच.

तेल भरणं

यावर वेगळं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, इथे फक्त आतून गेलेल्या होजपुरतं. शिमानो, मागुरा आणि टेक्ट्रो यांना मिनरल ऑइल लागतं. होपला आणि स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट तेल. लिव्हरवर लिहिलेलं असतं, तेच घाला. एकाच्या जागी दुसरं गेलं की सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. डॉट तेल रंगही खातं, सांडलं तर लगेच पाण्याने पुसा.

सायकल जमिनीवर दोन्ही चाकांवर असताना मागचा होज लिव्हरपासून खाली बीबीपर्यंत उतरतो आणि पुढे चेनस्टेमधून पुन्हा वर चढतो. हवा या कॅलिपरकडच्या चढावर अडकते. सायकल पुढचं चाक वर करून उभी टांगलीत तर कॅलिपर सगळ्यात खाली येतो आणि तिथून लिव्हरपर्यंत होज सलग चढतो. मग खालून सिरिंजने ढकललेलं तेल हवा पुढे घालून वर नेतं. डाउनट्यूबवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत राहा, चिकटलेले बुडबुडे सुटतात.

भरून झालं की पॅड घाला, चाक बसवा आणि लिव्हर जोरात दाबून दहा-पंधरा सेकंद धरा. लिव्हरच्या जोडाला कोरड्या कागदाचा तुकडा गुंडाळून ठेवा, गळती असेल तर डाग लगेच उमटतो. मग लिव्हर रबराने हँडलला बांधून रात्रभर ठेवा. सकाळी ती तितकीच टणक असली पाहिजे.

पहिली फेरी

भोकांवरचे रबरी ग्रोमेट बसवल्याशिवाय बाहेर पडू नका. होज जिथे हेडट्यूबला टेकतो तिथे पारदर्शक पट्टी लावा. पहिली फेरी घाटाची नको. मी सिद्धेश्वर तलावाभोवती, सपाट रस्त्यावर, सकाळी गर्दी नसताना दोन-तीन चकरा मारतो आणि प्रत्येक चकरेत वेग घेऊन दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघतो. मग घरी येऊन बीबीच्या खाली पांढऱ्या टॉवेलचा तुकडा फिरवतो, आणि ५०-६० किलोमीटर झाल्यावर तेच पुन्हा. टॉवेलवर तेलकट ओल दिसली तर सायकल बाजूला ठेवायची आणि बीबी उघडायचं.

फ्रेममधून होज कसा गेला आहे त्याचे दोन फोटो काढून ठेवा, आणि कापलेल्या होजची लांबी वहीत लिहा. जुना होज फेकू नका. एका टोकाला स्पोक बसवून तो खुंटीला टांगून ठेवा. पुढच्या रिकाम्या फ्रेममध्ये आधी तोच सरकवून वाट शोधता येते, आणि मग नवा होज त्याच्या शेपटीला बांधायचा.